ओल भिंतीत, त्रास छातीत

पावसाळा लागला की मुंबईच्या जुन्या इमारतींत भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि घरातल्या कुणा ना कुणाला खोकला सुरू होतो. दोष आपण पावसाला देतो. खरा दोषी पुष्कळदा हवेतली बुरशी असते.

बुरशी पसरते ती बीजाणूंनी. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, तर अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा. नाकाच्या चाळणीतून तो सहज निसटतो आणि फुप्फुसात खोलवर पोहोचतो. हवेतले असे बीजाणू मोजता येतात. औरंगाबादच्या विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांनी त्यासाठी तयार केलेले यंत्र ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ओळखले जाते. आत ओढलेल्या हवेतले बीजाणू त्यात चिकट पट्टीवर बसतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची मोजदाद होते.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत हवा सारखी बदलत असते. पहिल्या सरींचे टपोरे थेंब माती आणि पाचोळ्यावर आपटले की बीजाणू उडतात. मुसळधार झोडपत राहिली की त्यातले बरेचसे धुऊन खाली बसतात. म्हणजे पाऊस हवा साफ करतो? अर्धेच खरे. काही बुरश्या भिजल्यावरच आपले बीजाणू हवेत फेकतात, आणि छत्र्यांचे, म्हणजे अळंब्यांचे बीजाणू दमट रात्री नि पहाटे वाढतात. दम्याच्या रुग्णाला फज्रच्या सुमारास धाप लागण्याची कारणे अनेक असतात. शरीराची रात्रीची लय हे त्यातले मोठे. पण दमट हवा त्यात भर घालते.

पाऊस थांबला की सुटलो, असे समजू नका. ऑक्टोबरच्या उन्हात वाळलेल्या पानांवरून क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया यांचे कोरडे बीजाणू भर दुपारच्या वाऱ्यावर उडतात. त्यामुळे ज्याला पहाटे त्रास होतो आणि ज्याला दुपारी, त्या दोघांचे कारण वेगळे असू शकते. त्रासाची वेळ लिहून ठेवली तर डॉक्टरांना फार मदत होते.

२०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ या नावाने महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहिला की काहींच्या काळजात धस्स होते. त्या आजाराची, म्युकरमायकोसिसची, बुरशी मुळात काळी नसते. रक्तपुरवठा तुटून मेलेला मांसल भाग काळा पडतो. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांनी तिला वाट करून दिली. भिंतीवरचा काळा डाग बहुधा दुसऱ्याच बुरशीचा असतो. त्याने दमा आणि अ‍ॅलर्जी बळावते, आणि तेवढे कारण तो काढायला पुरेसे आहे.

काढताना कोरड्या झाडूने मात्र घासू नका, त्याने बीजाणू घरभर होतात. तोंडाला मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून साबणाच्या पाण्याने पुसा. गळती तशीच राहिली तर वरून मारलेला रंग महिनाभरही टिकणार नाही. आधी गळणारा पाइप, मग रंग. भिजलेली गादी किंवा गालिचा एक-दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरतोच. वजूच्या ओल्या पायांनी भिजलेली जानमाज घडी घालून ठेवण्याऐवजी दोरीवर टाका. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

कुबट वास घालवण्यासाठी अनेक घरांत लोबान जाळतात. वास दबतो, बुरशी जात नाही, आणि बंद खोलीतला धूर दमेकऱ्याच्या छातीवर उलटतो. दादीजान आग्रह धरतील; तरी दम्याचे मूल असलेल्या खोलीत धुनी नको.

राहिला प्रश्न पंपाचा. ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीपायी अनेक आया मुलाचा इनहेलर पाऊस उघडताच बंद करतात, नेमका ऑक्टोबरच्या तोंडावर. पंप कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.