काचेच्या पेटीतला समुद्र

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ज्या हौसेचा विषय जिवंत प्राणी असतो, तिचे मोल कोणाला तरी चुकवावेच लागते. आणि बहुधा ते हौस करणाऱ्याला नव्हे, तर त्या मुक्या जिवालाच चुकवावे लागते. गोड्या पाण्यातील मासे पाळून ज्याचा हात बसला, तो पुढे खाऱ्या पाण्यातील प्रवाळ-खडकांच्या रंगीत माशांकडे वळतो. तेथे त्याला भुरळ घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे क्लाऊन ट्रिगरफिश. काळे अंग, पोटावर मोठे पांढरे ठिपके आणि पिवळे ओठ, असे त्याचे रूप. या एका माशाच्या निमित्ताने चार शब्द लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

ट्रिगरफिशच्या कुळात सुमारे चाळीस जाती आहेत. या माशाच्या पाठीवरील पहिला काटा ताठ झाला की दुसरा काटा त्याला पाचरीसारखा अडकवून ठेवतो. दुसरा दाबल्यावाचून पहिला खाली येत नाही. बंदुकीच्या चापाशी असलेल्या या साम्यावरूनच त्याचे नाव पडले. संकट दिसताच हा मासा खडकाच्या फटीत शिरतो, काटा उभारतो, आणि मग त्याला ओढून काढणे कठीण होते. त्याचे दात खेकड्यांची व शिंपल्यांची कवचे फोडण्यासाठी घडलेले आहेत. काटेरी समुद्री अर्चिन सापडला, तर तोंडातून पाण्याचा झोत सोडून तो त्यास उलथा करतो आणि खालची मऊ बाजू खातो. असा हा बुद्धिमान व बलवान जीव आहे.

दुकानात मिळते ते त्याचे बोटभर पिल्लू. पूर्ण वाढ झाली की तोच मासा पन्नास सेंटिमीटरपर्यंत जातो. आरंभीचे काही महिने तो सालस भासतो. मात्र वाढू लागला की सोबतच्या माशांचे पर कुरतडतो, त्यांना मारतो, दगड हलवतो, नळ्याही चावतो. मग मालक म्हणतो, मासा दुष्ट निघाला! आम्हाला हा आरोप मान्य नाही. याच कुळातील टायटन ट्रिगरफिश वाळूतील आपल्या घरट्याचे रक्षण करताना पाणबुड्यांवरही धावून जातो. घरट्यापासून वर पसरत जाणारा पाण्याचा सारा शंकू तो आपला समजतो. म्हणूनच पाणबुड्याने अशा वेळी वर न जाता आडवे दूर जावे, असे सांगतात. खडकावर हरलेल्या माशाला पळून जाण्यास समुद्र मोकळा असतो. काचेच्या पेटीत तो पळणार कोठे? ज्याला आपण दुर्गुण म्हणतो, तो स्वभाव आहे. दोष पेटीच्या मापाचा आहे.

तेव्हा ज्याला हा मासा पाळावयाचाच असेल, त्याने पाचशे लिटरांहून मोठी टाकी, वजनदार झाकण आणि बहुतांशी एकाच माशाचा संसार यांची तयारी ठेवावी. दात सतत वाढत असल्यामुळे शिंपल्यांसकट तिसऱ्या, कवचासकट सुंगटे असे कठीण खाद्य द्यावे. नव्या टाकीत अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणू नये. शिवाय वीज गेली की पंप थांबतो, त्याची सोय आधीच हवी.

याहून गंभीर प्रश्न टाकी अपुरी पडल्यावर उद्भवतो. समुद्राचा जीव समुद्राला परत करण्यात पुण्य आहे, अशा भाबड्या समजुतीने बादली किनाऱ्यावर नेली जाते. हिंदी व प्रशांत महासागरांतील विषारी काट्यांचा लायनफिश 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला. मत्स्यालयांतून सोडलेल्या माशांपासून त्याची तेथे वाढ झाली, असे अभ्यासक मानतात. पुढे तो कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोच्या आखातात पसरला आणि तेथील लहान माशांचा काळ ठरला. पाळीव माशाबरोबर रोगही समुद्रात जाऊ शकतात, हे वेगळेच. म्हणून नकोसा मासा दुकानदाराला किंवा जाणत्या पाळणाऱ्याला द्यावा. समुद्रात कदापि सोडू नये.

टाकीच्या शोभेसाठी खऱ्या प्रवाळाचा तुकडा ठेवण्याचा मोहही आवरला पाहिजे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून सायनाइड फवारून, गुंगवून मासे पकडण्याची जी रीत पडली, तिने माशांबरोबर प्रवाळही मारले. आपल्या टाकीतील मासा कोठून व कसा आला, हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्यच ठरते.

आमची सूचना साधी आहे. दुकानदाराने माशाच्या किमतीशेजारी त्याची पूर्ण वाढीची लांबी आणि त्यास लागणारी टाकी यांची पाटी लावावी, आणि शासनाच्या मत्स्य खात्याने तसा नियम करावा. पाटी वाचून निम्मे ग्राहक परत फिरले, तरी त्यात कोणाचे नुकसान झाले असे आम्ही मानणार नाही. समुद्राच्या काठी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या समाजाकडून एवढ्या विवेकाची अपेक्षा करणे गैर ठरू नये.