भरवशाची म्हैस आणि फुकटचा सारथी

‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली, त्याने म्हैस निदान पैसे मोजून तरी घेतली असेल! मग जी वस्तू फुकट मिळते, जिला कुणी मालक नाही आणि जिच्यासाठी राबणाऱ्या बहुतेकांना त्याचा पगार नाही, तिच्यावर विसंबावे तरी कसे?

प्रश्न यंत्राचा आहे. लोखंड कातणारे आजचे लेथ मशीन संगणकाच्या हुकमाने चालते. तो हुकूम देणारी ‘लिनक्ससीएनसी’ ही प्रणाली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतल्या कामातून १९९० नंतरच्या दशकात जन्मली. सरकारी काम म्हणून ती सर्वांना खुली झाली आणि पुढे देशोदेशींच्या जाणत्या हौशी मंडळींनी ती दत्तक घेतली.

पत्राचे उत्तर उशिरा आले तर फारसे बिघडत नाही. येथे मात्र अवजार कुठवर आले याचा हिशेब सेकंदाला साधारण हजार वेळा होतो. तो वेळेवर झाला नाही तर जॉब वाया जातो, अवजार मोडते. जवळ कारागिराचा हात असला तर पुढचे बोलायलाच नको. म्हणून जोडणीपूर्वी संगणकावर मुद्दाम कामाचा बोजा टाकून तो किती उशीर करतो हे मोजतात. प्रणालीत कुणी बदल सुचवला, तर इतर जाणकार तो वाचतात आणि ठरावीक चाचण्या पुन्हा घेतात.

बीड जिल्ह्यातल्या उमापूरसारख्या गावातली सप्ताहाची पंगत आठवा. वाढप्यांना कुठे पगार असतो? पण चूल सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. आमटी अळणी झाली तर दहा जण सांगतात. विकतच्या प्रणालीच्या स्वयंपाकघराला बहुधा कुलूप असते. अर्थात, भांडी घासायच्या वेळी सप्ताहातलीही माणसे पांगतात! माहितीपत्रके नीट लिहिणे, जुन्या यंत्रांवर पुन्हा तपासणी करणे, ही कामे इथेही मागे पडतात.

परवान्यात तर स्पष्टच लिहिलेले असते: हमी नाही. तेव्हा धोक्याच्या वेळचे लाल बटण संगणकाच्या मर्जीवर सोडू नये. त्याने यंत्राची चालकशक्ती थेट तोडली पाहिजे.

मग हा खटाटोप कशासाठी? पेरणीच्या तोंडावर यंत्र अडले आणि कंपनीचा माणूस आला नाही, तर गावातल्या कारागिराने काय करावे? प्रणाली खुली असेल, तर जाणकाराला हाताशी धरून तो दोष शोधू तरी शकतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून मुलांना हेच शिकवले: हात घालून पाहा, करून शिका.

वस्तू फुकट मिळाली, तरी राखण फुकट होत नाही. ज्याला ती राखण जमेल, त्याने खुशाल विसंबावे.