लोणचे विटाळाने नव्हे, पाण्याने नासते!

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव. नदीपलीकडे दौंड तालुका. दोन्ही काठांना ऊस आणि कांदा. दिवाळी उलटली की ऊसतोड सुरू होते, कांद्याच्या लागणीला बायांच्या टोळ्या लागतात, आणि पहाटे भाकऱ्या थापून कामावर निघणाऱ्या आपल्या माताभगिनींना भाजीपुरता वेळ उरत नाही. भाकरीबरोबर डब्यात काय, हा रोजचा प्रश्न. नेमके याच दिवसांत गाजर, मुळा, फ्लॉवर, मटार, लिंबे बाजारात भरपूर येतात. म्हणून आम्ही आज भाज्यांच्या झटपट लोणच्याचा विषय घेतला आहे.

कैरीचे लोणचे वर्षाचे. त्याला बरण्या हव्यात, जागा हवी आणि एकदम तेलाचा डबा आणण्याची ऐपत हवी. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. या पुस्तकांनी घरोघरच्या बायकांना प्रमाणे शिकविली, हे त्यांचे श्रेय आहेच. परंतु ज्या स्वयंपाकघरात तेल रोजच्या मजुरीतून पळीभर यायचे, ते त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. ते घर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मांडले. मराठवाड्यातील महार-मांगांचे खाणे त्यात आहे. पुस्तकाचे नावच बरेच काही सांगून जाते!

झटपट लोणचे मात्र हातावर पोट असलेल्यांना परवडणारे आहे. अर्धा किलो भाजी घ्यावी. त्यात निम्मे गाजर, बाकी फ्लॉवरचे तुरे, मुळा, मूठभर मटार आणि चार-पाच हिरव्या मिरच्या. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली की पाणी आत राहते. फोडी स्वच्छ कापडावर पसरून दोन-तीन तास वाऱ्याला सुकवाव्यात. मग चाळीस ग्रॅमच्या आसपास मीठ, मोहरीची डाळ चार चमचे, लाल तिखट दोन चमचे, हळद एक चमचा, तळून कुटलेली मेथी अर्धा चमचा आणि चार रसदार लिंबांचा रस घालून कालवावे. अर्धी वाटी तेल चांगले तापवून खाली उतरवावे, त्यात हिंग टाकावा आणि ते पूर्ण गार झाल्यावरच लोणच्यावर ओतावे. दुसऱ्या दिवशी मिठाचे पाणी सुटते. तिसऱ्या दिवशी लोणचे खाण्याजोगे होते. थंडीत ते आठ-दहा दिवस टिकते, फ्रीज असेल तर अधिक.

तेल गार करा असे का म्हणतात? अख्खी मोहरी तोंडात धरून पाहा, झोंबत नाही. ती भरडली आणि तिला ओल लागली की आतले एन्झाइम (शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात) काम करू लागते, आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. जुन्या बायका मोहरी पाण्यात फेसत, ती याचसाठी. कढत तेल पडले की हे विकर मरते, झणका येत नाही आणि वर मसाला करपून कडू होतो. हा झणका बुरशीलाही आवरतो. म्हणजे मीठ, आंबटपणा आणि मोहरी असे तिघे मिळून लोणचे राखतात.

आता महत्त्वाचे. पाळीच्या दिवसांत बाईने लोणच्याला हात लावला तर त्याला बुरशी येते, असे आपल्याही काही घरांत अजून मानले जाते. बौद्ध म्हणवणाऱ्या घरांत! बुरशीला ओल आणि हवा लागते. ती येते ओल्या चमच्याने, न सुकवलेल्या फोडीने, खाराच्या वर उघड्या राहिलेल्या भाजीने. आणि जी बाई घरी लोणच्याच्या बरणीपासून चार हात लांब राहते, तीच बाई त्याच दिवशी उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहते. तिथे उसाला विटाळ होत नाही, गुळाला होत नाही, साखरेला होत नाही!

हाच विटाळ जातीच्या नावाने दुसऱ्या दारातून आत येतो. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकिणीने जात लपवून आमचे सोवळे मोडले, अशी पोलिसांत तक्रार दिली होती. गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली. असल्या वातावरणात आपल्या बचत गटातील भगिनी विचारतात, ‘आम्ही लोणचे केले तर गावात घेणार कोण?’ प्रश्न खरा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे; जातीवरून आर्थिक बहिष्कार टाकणे त्यात गुन्हा ठरले. पण एखाद्या गिऱ्हाइकाने काय खावे हे कायदा ठरवत नाही. आमचे मत असे, की आधी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करावी, बाटलीवर तयार केल्याची तारीख घालावी, आणि आपले नाव मुळीच लपवू नये.

व्हिनेगरचा कांदाही काहींना आवडतो. बाटलीवर अ‍ॅसेटिक आम्लाचे प्रमाण पाहावे. चार-पाच टक्के असेल तर निम्म्यापेक्षा जास्त पाणी घालू नये, आणि हा कांदा फ्रीजमध्येच ठेवावा. सुटे तीव्र अ‍ॅसिड आणून घरी पातळ करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने कातडी भाजते, डोळे जातात. लोणचे अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात कधीही ठेवू नये. आंबट-खारट त्या धातूला खाते. काचेची जुनी बाटली कडक उन्हात वाळवून घेतली की काम झाले.

रक्तदाब असणाऱ्यांनी फोड एकच घ्यावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि लोणच्यात ते भरपूर असते. बाटलीच्या तळाशी मसाला उरतो तो फेकू नये. त्यात कांदा बारीक चिरून कालवला की आणखी एका डब्याची सोय होते.