ट्रेंटकाठचं आडनाव

मराठी घरांत अ‍ॅटनबरो हे आडनाव पोहोचलं ते दोन भावांमुळे. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९८२ साली ‘गांधी’ पडद्यावर आणला. त्यात रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या, आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया जॉन मोलो यांच्या जोडीने ऑस्करच्या मानकरी ठरल्या. रिचर्ड यांचे पाठचे भाऊ डेव्हिड. त्यांचे प्राणिसृष्टीवरचे माहितीपट आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी डोळे भरून पाहिले. इतक्या ओळखीच्या आडनावाची माणसं इंग्लंडमध्ये मोजकीच आहेत आणि ती मुळात एका लहानशा टापूतली आहेत, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

दुर्मीळ आडनावाचा माग काढणं हे इंग्लंडमध्ये रीतसर काम आहे. एकेका आडनावाचा ध्यास घेऊन त्याची जगभरातली प्रत्येक नोंद गोळा करणाऱ्या हौशी अभ्यासकांची ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ ही संघटना १९७९ पासून आहे. ऑक्सफर्डने २०१६ साली ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आडनावांचा चार खंडांचा कोश काढला. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावं आहेत. स्मिथसारखं आडनाव या अभ्यासकांच्या फारसं कामाचं नसतं. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होता, त्यामुळे स्मिथ हे आडनावही शेकडो ठिकाणी आपापलं जन्मलं. त्याचं मूळ गाव विचारण्यात अर्थ नाही. दुर्मीळ आडनावाचं तसं नाही. नकाशावर नेमकं बोट ठेवून ‘हे इथलं’ असं म्हणता येण्याची शक्यता तिथे असते, आणि सगळी मेहनत त्या बोटासाठी असते.

सुरुवात बहुधा १८८१ च्या जनगणनेपासून होते. त्या वर्षी ३ एप्रिलच्या रात्री कोण कुठल्या छपराखाली झोपलं होतं, याची ही नोंद. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे २ कोटी ६० लाख माणसं. विसाव्या शतकाच्या अखेरीस कौटुंबिक इतिहास मंडळांच्या स्वयंसेवकांनी आणि अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने ती सगळी पानं वाचून उतरवून काढली. त्या अवाढव्य, बिनमोबदल्याच्या कामामुळेच आज एखाद्या आडनावाचा अख्ख्या देशाचा नकाशा काही क्षणांत समोर येतो.

पण पहिला नकाशा फसवतो. नुसती डोकी मोजली तर जवळजवळ प्रत्येक आडनाव लंडनचं वाटतं, कारण लंडनमध्ये सगळंच जास्त. म्हणून जाणता अभ्यासक दुसरा नकाशा काढतो. गरिबांच्या मदतीसाठी गावांचे गट करून तालुक्याएवढे विभाग पाडलेले होते. त्या प्रत्येक विभागात दर लाख लोकांमागे हे आडनाव किती, ते मोजायचं आणि त्याप्रमाणे रंग गडद करत न्यायचा. आता लंडन फिकं पडतं. अ‍ॅटनबरो या आडनावाचा रंग नॉटिंगहॅमशायरमध्ये आणि त्याला खेटून असलेल्या भागात साचतो.

त्यानंतर जन्मस्थानाचा रकाना बघायचा. १८५१ पासून जनगणनेत माणसाने आपण कुठल्या परगण्यात, कुठल्या गावात जन्मलो ते सांगायचं असे. या रकान्यामुळे एकाच रात्रीच्या नोंदीत दोन काळ दिसतात: माणूस आज कुठे आहे, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्याची आई कुठे होती. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये अ‍ॅटनबरो हे नाव सावकारीसाठी गाजलेलं होतं. दागिने गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या त्यांच्या दुकानांपैकी एक फ्लीट स्ट्रीटवर होतं. अशा शहरी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचं जन्मगाव आधी पाहायचं असतं. तरुण मुलं शहरात जन्मलेली असतात. घराण्याची वाट दाखवतात ती म्हातारी माणसं.

आणि ही वाट जिथे जाते तिथे त्याच नावाचं गाव आहे. नॉटिंगहॅमच्या नैऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो वसलेलं आहे. ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि सेनापती हेन्री आयर्टन १६११ साली इथेच जन्मला. गावालगत वाळू-खडी काढून झालेल्या खाणींची तळी झाली, तिथे पक्षी आले, आणि १९६६ साली तिथल्या निसर्ग राखीव क्षेत्राचं उद्घाटन करायला डेव्हिड अ‍ॅटनबरो आले. त्यांचे वडील फ्रेडरिक १८८७ साली जन्मले ते स्टेपलफर्डला. ते गाव इथून चार-पाच मैलांच्या आत आहे. ज्या गावाने आडनाव दिलं त्याच्या इतक्या जवळ, पाच-सहाशे वर्षांनंतरही, तेच आडनाव नांदत होतं.

गावात नव्हे, गावाजवळ. हा फरक महत्त्वाचा आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला कुणी सातारकर म्हणत नाही. तो पुण्याला गेला की सातारकर होतो. इंग्लंडमध्ये गावावरून पडलेल्या आडनावांचं हेच आहे. त्यामुळे नकाशावर अशा आडनावाचा दाट रंग पुष्कळदा मूळ गावाच्या भोवतीच्या पट्ट्यात मिळतो. गाव सोडून दोन-चार मैलांवर जमीन कसायला, लग्न करून किंवा धंद्यासाठी गेलेल्या माणसाला तिथल्यांनी ‘तो अमक्या गावचा’ म्हटलं. तेराव्या-चौदाव्या शतकांत कर आणि जमिनीचे कागद वाढत गेले आणि ती ओळख त्याच्या मुलांनाही चिकटली.

जनगणनेच्या मागे गेलं की छापील रकाने संपतात. १८३७ च्या जुलैपासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद आहे. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या वह्या. राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या विभागाला, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायला लावलं, तिथून त्या सुरू होतात. अभ्यासकाचे बहुतेक दिवस या पानांवर जातात, आणि काम किती हळू चालतं ते एका नोंदीवरून कळावं. सोळाव्या-सतराव्या शतकातलं अक्षर आजच्या डोळ्यांना परकं. ‘सी’ आणि ‘टी’ सारखेच दिसतात. ‘एच’चा पाय ओळीखाली लोंबत जातो. ‘एन’, ‘यू’, ‘एम’ ही सगळी नुसत्या उभ्या रेघांची. कुठलं अक्षर कुठे संपलं ते रेघा मोजून ठरवायचं. त्यात अ‍ॅटनबरो हे नाव ऐकून लिहिलेलं. शेवट कुणी ओ-यू-जी-एच असा करतो, कुणी आर-आर-ओ-डब्ल्यू असा. एकाच माणसाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे दोन स्पेलिंगांनी नोंदलेले असू शकतात. त्यामुळे स्पेलिंग वेगळं म्हणून घराणं वेगळं, असा निष्कर्ष कुणी काढत नाही. उतरवताना मात्र मुळात आहे तसंच उतरवायचं, आजच्या रूपात दुरुस्त करायचं नाही, हा या कामातला सगळ्यात कडक नियम.

तारखांचाही गुंता आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागे. फेब्रुवारी १६११ ची नोंद आपल्या हिशेबाने १६१२ ची. हे विसरलं तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसतं आणि एका बाईवर उगाच किटाळ येतं.

अ‍ॅटनबरोच्या बाबतीत आणखी एक अडचण भूगोलाची. गावाजवळच एरेवॉश नावाची लहान नदी ट्रेंटला मिळते, आणि ती नॉटिंगहॅमशायर आणि डार्बीशायर यांची शीव आहे. जुन्या काळी ती चर्चच्या कारभाराचीही शीव होती. नॉटिंगहॅमशायर १८३७ पर्यंत यॉर्कच्या अखत्यारीत, तर पलीकडचं डार्बीशायर लिचफील्डच्या. मृत्युपत्रं आणि वह्यांच्या वार्षिक नकला त्या-त्या धर्मपीठाकडे जात. एखादा शेतकरी नदी ओलांडून तासाभराच्या चालीवर राहायला गेला, की त्याचे कागद वेगळ्याच शहरात सापडणार. एकाच बाजूचं दप्तर पाहणाऱ्याला वाटतं, घराणं संपलं. ते नदीपलीकडे सुखात नांदत असतं.

एवढं झाल्यावरही एक प्रश्न उरतोच. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अटेन’ म्हणजे ‘च्यापाशी’. अ‍ॅशच्या झाडापाशी राहणारा तो नॅश. ओकपाशी राहणारा तो नोक्स. ‘बरो’ म्हणजे गढी, तेव्हा त्या न्यायाने अ‍ॅटनबरो म्हणजे ‘गढीपाशी राहणारा’ असंही कुणी म्हणू शकतं, आणि गढ्या तर देशभर होत्या. मग हे आडनाव अनेक ठिकाणी जन्मलेलं असणार. याउलट गावाचं नाव अड्डा किंवा तशाच एका सॅक्सन माणसाच्या गढीवरून पडलं असं मानतात, आणि आडनाव त्या एकाच गावावरून आलं असेल तर मूळ घराणी फार थोडी, कदाचित एकच. नकाशा दुसऱ्या बाजूने साक्ष देतो, पण कागद चौदाव्या शतकापलीकडे सलग जात नाहीत. इथे रक्ताची साक्ष कामी आली.

आणि ती मिळाली लेस्टरला. फ्रेडरिक अ‍ॅटनबरो १९३२ ते १९५१ तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. जुन्या इंग्रजीचे ते अभ्यासक. आरंभीच्या इंग्लिश राजांच्या कायद्यांचं त्यांनी केलेलं संपादन १९२२ चं. त्यांच्याच काळात, १९४८ साली, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी तिथे स्थानिक इतिहासाचा विभाग उभा केला, आणि १९६५ पासून इंग्लिश आडनावांचं परगणावार सर्वेक्षण तिथेच चाललं. पुढे १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशांची पद्धत सापडली तीही याच संस्थेत, ती विद्यापीठ झाल्यावर. या दोन परंपरा तिथल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी एकत्र आणल्या.

त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं. एका आडनावाच्या, पण एकमेकांशी नातं ठाऊक नसलेल्या पुरुषांना पत्रं पाठवायची, गालाच्या आतून काडी फिरवून नमुना टपालाने मागवायचा, आणि वाय गुणसूत्रावर ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येणारे तुकडे किती वेळा येतात ते मोजून ताडून पाहायचं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४० आडनावांचे १,६७८ पुरुष होते. स्मिथ मंडळींचं एकमेकांशी नातं रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकंच. अ‍ॅटनबरो मंडळींत मात्र दहापैकी जवळजवळ नऊ जणांचं गुणसूत्र एकाच धाटणीचं. म्हणजे आज हे आडनाव लावणारे बहुसंख्य पुरुष एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत.

यावरून हे आडनाव फक्त एकाच माणसाला मिळालं असं सिद्ध होत नाही, हे त्या शास्त्रज्ञांनी जपून सांगितलं, आणि ती सावधगिरी मोलाची आहे. आडनावं मरतात. ज्याला मुलगे नाहीत त्याच्यापाशी शाखा संपते. १८७० च्या दशकात फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी याचंच गणित मांडलं. शिवाय १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची घरंच्या घरं पुसली. आरंभी या नावाची तीन-चार घराणी असतील आणि एकच टिकलं असेल, असंही होऊ शकतं. उरलेल्या दहाव्या माणसाचंही कारण साधं असतं: दत्तक मूल, किंवा लग्नाबाहेर जन्मून आईचं आडनाव लावलेला मुलगा. त्याचा त्या आडनावावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

या पद्धतीने सगळ्यात मोठा धक्का दिला तो पूर्व यॉर्कशायरच्या एका दुर्मीळ आडनावात. त्या घरांतली माणसं आज हयात आहेत, म्हणून ते आडनाव इथे देत नाही. त्यातल्या एका पुरुषाचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या, अतिशय जुन्या शाखेचं निघालं. त्याला घराण्यात असा काही धागा असल्याची कल्पनाही नव्हती. मग त्याच आडनावाचे आणखी पुरुष शोधले. १८ जणांपैकी सात जणांत तेच गुणसूत्र मिळालं. कागदांवरून हे सात जण दोन वंशवृक्षांत बसले, आणि दोन्ही वृक्षांची मुळं अठराव्या शतकाच्या अखेरच्या यॉर्कशायरमध्ये पोहोचली. दोन्ही कुठेतरी त्याआधी जुळतात हे गुणसूत्रावरच्या ७७ खुणांनी सांगितलं. हा शोध २००७ साली प्रसिद्ध झाला. अस्सल इंग्लिश आडनाव, पिढ्यान्‌पिढ्या यॉर्कशायरची माती, आणि मूळपुरुष आफ्रिकेचा. ही हकिकत प्रत्येक शाळेत सांगितली जायला हवी, इंग्लंडमध्ये आणि इथेही.

या सगळ्या कामात एक अन्याय मात्र राहतो. आडनाव फक्त बापाची रेघ दाखवतं. भानू अथैया मूळच्या राजोपाध्ये. नुसत्या आडनावाच्या नकाशावर त्यांचं कोल्हापूर कुणाला दिसलं नसतं. इंग्लंडच्या वह्यांतही बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव पूर्ण आणि आईचं नुसतं पहिलं, किंवा तेही नाही, अशी पानंच्या पानं आहेत. चांगला अभ्यासक म्हणूनच लग्नाची प्रत्येक नोंद वेगळी उतरवतो आणि बाईचं माहेरचं आडनाव हाती लागलं की ते आधी लिहून घेतो.

नकाशाचे काही ठिपके आपल्या अंगणातही पडलेले आहेत. मुंबई इलाख्यात चाकरीला आलेल्या इंग्रजांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात; आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दगड मात्र इथेच राहिले. पुणे, खडकी, अहमदनगर अशा छावण्यांच्या गावांतल्या जुन्या कबरस्तानांत पावसाने अक्षरं झिजत चालली आहेत, आणि एखाद्या दगडावर नावाबरोबर इंग्लंडमधलं जन्मगावही कोरलेलं असतं. तुमच्या गावात असं कबरस्तान असेल तर उन्हं तिरपी असताना जा, तेव्हा झिजलेलं अक्षर उठून दिसतं. दगड घासू नका, खडूही लावू नका. फोटो काढा, मजकूर आहे त्याच स्पेलिंगने उतरवून घ्या, दगड कुठे आहे तेही लिहा, आणि ते कौटुंबिक इतिहासाच्या एखाद्या मंडळाकडे पाठवा.