घाटातल्या वड्यापासून पीएनआरच्या डब्यापर्यंत

रेल्वेतल्या जेवणाबद्दल बोलणं निघालं की तक्रारींचीच उजळणी होते: पाणचट वरण, चिवट पोळी, छापील दरापेक्षा दहा रुपये जास्त. तक्रारी खऱ्या आहेत. पण मुंबई-पुणे, कोकण, मनमाड-नागपूर या आपल्या मार्गांचा इतिहास चाळला, तर स्वयंपाक्याच्या हातापेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या ठरलेल्या दिसतात. गाडी कुठे आणि किती वेळ थांबते, आणि पदार्थ वाईट निघाला तर धरायचं कुणाला.

सुरुवातीच्या काळात गाडीत स्वयंपाकघर नव्हतं. ठरलेल्या स्टेशनावर मेल थांबायची आणि साहेब मंडळी रिफ्रेशमेंट रूममध्ये जेवून यायची. इकडे ब्रँडन, कलकत्त्याकडे केल्नर, मद्रासकडे स्पेन्सर्स अशा कंपन्यांकडे ही व्यवस्था असे. बाकीच्यांचं जेवण घरून निघायचं. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या सोवळ्याला चालत आणि दोन दिवस टिकत, म्हणून प्रवासाच्या डब्यात त्यांना पहिला मान. स्टेशनावर पाणीसुद्धा ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ असं वेगळं मिळायचं. शिजवलेलं अन्न सर्वांना एकत्र विकणं तर दूरच राहिलं.

1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. या गाडीची डायनिंग कार हा आपल्या रेल्वेतला एक वेगळाच अध्याय आहे. टेबलाशी बसून खायचं, ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्ट मागवायचा आणि गरम आला नाही तर तिथल्या तिथे परत पाठवायचा. रोजचे पासधारक आणि वाढपी एकमेकांना ओळखत. ओळखीच्या गिऱ्हाइकाला शिळं वाढायला कुणाचाही हात कचरतो. जून 2022 मध्ये या गाडीला नव्या बनावटीचे, एलएचबी प्रकारचे डबे लागले, तेव्हाही चाळीस जणांची डायनिंग कार कायम राहिली. नेहमीच्या गाड्यांत अशी सोय आज दुसरीकडे नाही.

ज्यांना टेबल परवडत नव्हतं, त्यांची सोय घाटाने केली. बोरघाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. तो चढायला कर्जतला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडावी लागत, आणि त्या चार-पाच मिनिटांच्या थांब्यामुळे कर्जतचा वडा घराघरांत पोचला. कसाऱ्याच्या घाटासाठीही तसाच थांबा असे. पुढे विदर्भात शेगावची कचोरी, नागपूरची संत्री, असंच बरंच काही थांब्यांवर खपू लागलं. विकणारा रोज त्याच फलाटावर उभा असे, त्यामुळे त्याला नाव सांभाळावं लागे.

लांबच्या गाड्यांत पॅन्ट्री, म्हणजे गाडीतलंच स्वयंपाकघर, आली आणि हे गणित बदललं. 1969 मध्ये हावडा-दिल्ली आणि 1972 मध्ये मुंबई-दिल्ली राजधानी सुरू झाली. जेवणाचे पैसे तिकिटातच धरलेले. सुरुवातीला त्याचं अप्रूप वाटलं, पण आवडो न आवडो पैसे आधीच गेलेले, मग नकार द्यायचा कसा? जेवण नको म्हणण्याची मुभा मिळायला 2017 उजाडावं लागलं.

कारभार कुणाकडे, याचाही झोका सतत हलता राहिला. 1999 मध्ये आयआरसीटीसी ही रेल्वेची खानपान आणि पर्यटन कंपनी स्थापन झाली. 2005 च्या धोरणाने खानपान तिच्याकडे सोपवलं, 2010 च्या धोरणाने गाड्यांतली सेवा विभागीय रेल्वेंकडे परत नेली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, ती पुन्हा आयआरसीटीसीकडे आली. स्वयंपाक बेस किचनमध्ये, म्हणजे गाडीबाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरात, आणि वाटप वेगळ्या हातांनी, अशी विभागणीही तेव्हाच ठरली. त्याच वर्षी जुलैत ‘कॅग’चा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत आला. 74 स्टेशनं आणि 80 गाड्या तपासून काढलेला निष्कर्ष असा की काही ठिकाणी अन्न माणसाने खाण्याजोगं नव्हतं, मुदत संपलेली पाकिटं विकली जात होती, बिलं दिली जात नव्हती. वारंवार धोरण बदलल्याने कारभारात अनिश्चितता आली, असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्यानंतर ‘बिल नाही, तर पैसे नाहीत’ अशा पाट्या लागल्या.

दराची अडचण मात्र जुनीच आहे. गाडीतल्या साध्या शाकाहारी थाळीचा दर 2019 पासून 80 रुपये. त्यात दीडशे ग्रॅम भात, तेवढीच डाळ, दोन पराठे किंवा चार पोळ्या, भाजी, दही, लोणचं. ठेकेदार आधी रेल्वेला परवाना शुल्क भरतो, मग या दरात नफा काढायला बसतो. शुल्क चढं आणि दर बांधलेला, तर भाजी पातळ होते किंवा बिल गायब होतं.

2014 पासून तिकिटावरचा पीएनआर क्रमांक देऊन पुढच्या स्टेशनावरच्या हॉटेलातून जेवण मागवता येऊ लागलं. निवड वाढली, पण गाडी उशिरा धावली की डबाही थंड होतो. मार्च 2020 मध्ये करोनाने गाड्याच थांबवल्या. त्या सुरू झाल्यावर बराच काळ फक्त तयार पाकिटं मिळत. शिजवलेलं जेवण सगळ्या गाड्यांत परत यायला 14 फेब्रुवारी 2022 हा दिवस उजाडावा लागला.

याच व्यवस्थेत उत्तम खाणंही मिळतं, हे विसरून चालणार नाही. मुंबई-मडगाव मांडवी एक्स्प्रेसची पॅन्ट्री इतकी नावाजलेली की लोक तिला ‘फूड क्वीन’ म्हणतात. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेसला वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो आणि ताटं घेऊन प्रवासी दारात तयार असतात. एकीकडे पॅन्ट्रीला नाव राखायचं आहे, दुसरीकडे सेवेचा भाव आहे. दोन्हीकडे वाढणाऱ्याला खाणाऱ्याची पर्वा आहे.

आता काही गाड्यांना घाटही अडवत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेली मुंबईची नवी राजधानी एक्स्प्रेस दोन्ही टोकांच्या इंजिनांनी कसारा चढते. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेली सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय बोरघाट पार करते. वेळ वाचला, हे चांगलंच. पण थांबा गेला की फलाटावरचा विक्रेताही गेला, आणि प्रवाशाचं जेवण त्याने कधी न पाहिलेल्या स्वयंपाकघरातून येऊ लागलं. म्हणूनच यापुढे खातं कुणाकडे द्यायचं यावर आणखी एक धोरण काढण्यापेक्षा, प्रत्येक डब्यावर तो कुठे, कधी आणि कुणी शिजवला हे ठळक छापावं, आणि ठेका देताना शुल्काच्या आकड्याआधी खाणाऱ्यांचा कौल पाहावा. कर्जतच्या विक्रेत्याला जी भीती रोज होती, ती बेस किचनला वाटली पाहिजे.