दोष सेन्सरचा की तारेचा?

पेट्रोलच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने ‘पी ०४५२’ हा संकेत दाखविला, की टाकीचा प्रेशर सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो. अनेक गाड्यांत त्यासाठी टाकीच उतरवावी लागते. परंतु संकेत एवढेच सांगतो, की सेन्सरच्या वायरिंगमधून येणारा व्होल्टेज प्रमाणाहून कमी आहे. दोष कोणाचा, हे नव्हे.

गाडी थंड असता, मोकळ्या हवेत टाकीचे झाकण उघडावे. आतबाहेरचा दाब समान झाला, की स्कॅनरवरील दाब बहुधा शून्याजवळ यावा. न आल्यास जोडणीपाशी मीटर लावावा. एका तारेवर पाच व्होल्ट, दुसरीवर पक्के अर्थिंग आणि तिसरी, संदेशाची तार अखंड असेल, तरच सेन्सर दोषी.

पारखल्यावाचून माल घेऊ नये, हा पेढीचा नियम येथेही खराच.