महिला सायकलस्वारांचे हायड्रेशन व्हेस्ट

हायड्रेशन व्हेस्ट हे पाठीवर पाण्याची लवचीक पिशवी वाहून नेण्यासाठी बनवलेले, अंगाला चिकटून बसणारे बिनबाह्यांचे जाकीट होय. पिशवीची नळी खांद्यावरून छातीपर्यंत येते. तिच्या टोकाला दातांनी दाबल्यावर उघडणारी झडप असते, त्यामुळे रस्त्यावरील नजर न हटवता पाणी पिता येते.

इतिहास

पाठीवर पाणी वाहण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. चामड्याच्या पखालीतून पाणी पुरवणारे पखाली नळयोजना येण्यापूर्वी गावोगावी असत. सायकलस्वारीतील आधुनिक साधनाचा उगम १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. तेथील शंभर मैलांच्या उन्हाळी सायकलस्पर्धेत मायकेल आयडसन यांनी सलाइनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीवर बांधली होती. त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ ही कंपनी उभी राहिली.

उपयुक्तता

कमी उंचीच्या व्यक्तींसाठीच्या सायकलींचा सांगाडा लहान असल्याने त्यात अनेकदा एकच बाटली मावते. आडवी दांडी नसलेल्या सायकलींत बाटलीला जागा आणखी कमी असते. ही अडचण महिलांना अधिक येते. कोल्हापूरहून सुमारे २० किलोमीटरवर असलेला पन्हाळा शहराच्या तुलनेत बराच उंचावर आहे. उन्हाळ्यात अशा चढावर एक बाटली पुरतेच असे नाही. गगनबावड्यासारख्या दूरच्या पल्ल्यासाठी ही गरज अधिक वाढते.

मापाची निवड

‘महिलांसाठी’ अशी चिठ्ठी केवळ रंग वा लहान आकार दर्शवत असेल, तर ती पुरेशी नसते. धडाची लांबी, खांद्यांची रुंदी व छातीचा घेर हे निवडीचे मुख्य निकष आहेत. खांदेपट्टे मानेला घासू नयेत. छातीवरील दोन आडवे पट्टे वर-खाली सरकवता यावेत व स्तनांवर दाब न आणता त्यांच्या वर आणि खाली बसावेत. खांदेपट्ट्यांची शिवण अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांवर आल्यास घामाने त्वचा सोलवटते.

धावपटूंच्या व्हेस्टमध्ये छातीवर बाटल्या असतात. सायकलवर पुढे वाकल्यावर त्या लोंबतात, म्हणून पाठीवरील पिशवी सोयीची ठरते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने रिकाम्या व्हेस्टवरून अंदाज चुकतो. पिशवी भरून, सायकलवर वाकून पाहिल्यासच व्हेस्ट मानेकडे सरकते का, शिरस्त्राणाला अडते का आणि श्वास घेताना आवळते का, हे कळते. व्हेस्टची खालची कड जर्सीच्या मागील खिशांच्या वर राहणे इष्ट असते.

पाण्याचे प्रमाण

साधारणतः ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर पाणी लागते. ऊन, श्रम व शरीराचे वजन यांनुसार ते बदलते. दोन-तीन तासांच्या फेरीसाठी दीड लिटरची पिशवी बहुधा पुरते. तहान नसताना अतिरिक्त पाणी पिणेही घातक असते. त्याने रक्तातील सोडियम घटू शकते आणि लहान चणीच्या व्यक्तींना हा धोका अधिक असतो.

याउलट, वाटेवर स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक स्त्रिया मुद्दाम कमी पाणी पितात. त्यातून निर्जलीकरण होते व मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. ही अडचण व्हेस्टने सुटत नाही. त्यामुळे मार्ग ठरवताना पाणी भरण्याच्या जागांइतकीच स्वच्छतागृहांची माहितीही आवश्यक ठरते.

निगा

पिशवी व नळी प्रत्येक वापरानंतर धुऊन, तोंड उघडे ठेवून उलटी वाळवावी लागते. साखरमिश्रित पेय भरले असल्यास हे अधिक महत्त्वाचे असते. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात पिशवी लवकर वाळत नाही व आत बुरशी धरते. म्हणून तोंड रुंद असलेली, आत हात घालून घासता येणारी पिशवी येथील हवामानात अधिक सोयीची ठरते.